ऐकण्याबद्दल हरकत कायम

उस्मानपुऱ्यातली ती वरची खोली मला मिळाली तेव्हा माझ्या नावाची एक फाइल तयार झाली होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. घरमालकांनी तीन भाडेकरू पाहिले होते, तिघांचा तुलनात्मक तक्ता केला होता आणि त्या तक्त्यात 'पायांचा आवाज' असा एक रकाना होता. खोली पाहायला आलेल्या प्रत्येकाला ते एकट्यालाच वर पाठवायचे आणि स्वतः खाली दिवाणावर आडवं पडून छताकडे कान लावायचे. त्या दिवशी नवी चप्पल चावत होती म्हणून मी ती जिन्याखालीच काढून ठेवली होती. बाकीचे दोघे बूट घालून चढले आणि बाद झाले. माझ्या टाचेवरच्या फोडाने मला तीन वर्षांचं घर मिळवून दिलं.

मी त्यांना काका म्हणायचे आणि ते मला मॅडम म्हणायचे, कारण मी एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. काका एका सरकारी खात्याच्या भांडारात भांडारपाल होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण घरी आल्यावरही ते कामावरून सुटले नव्हते. शर्टाच्या खिशात एक पेन्सिल आणि एक पेन असे. पेन्सिलीने लिहिलेलं म्हणजे विचाराधीन, पेनाने लिहिलेलं म्हणजे मंजूर. त्या घरातल्या बहुतेक गोष्टी पेन्सिलीतच होत्या. भिंतीचा रंग चार वर्षं पेन्सिलीत होता. स्वयंपाकघरातला नवा ओटा तर काकू म्हणायच्या की तो आमच्या पश्चात पेनात येईल.

भांडाराचा नियम असा की कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन दरपत्रकं मागवायची. काका हा नियम मेथीच्या जुडीलाही लावत. एका गाडीवर भाव विचारायचा, मग दुसरीवर, मग तिसरीवर. तिसरीवरून पुन्हा पहिलीकडे येईपर्यंत तिथली मेथी संपलेली असे. मग ते रिकाम्या पिशवीसह घरी येत आणि काकू काही न बोलता डाळ-कांदा करायला घेत. मी एकदा म्हटलं, "काका, जुडीच हाय ना, घेऊन टाकायची." तर म्हणाले, "मॅडम, वस्तू घरात येती ना, ती पावन्यासारखी आसती. आनताना सोपी, काढताना अवघड." मेथी दोन दिवसांत आपोआप निघते, हे मी मनातच ठेवलं.

काकू काही न बोलता डाळ-कांदा करत असं म्हटलं, ते अक्षरशः खरं होतं. त्यांचा आवाज गेला होता. गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, गाठ निघाली, पण आवाजाची नस दुखावली. उरला तो घोगरा, वारा सुटल्यासारखा आवाज, शेजारी बसलेल्यालाच कळेल इतका. लांबून बोलवायचं तर त्या टाळी वाजवत. एक टाळी म्हणजे इकडं या, दोन टाळ्या म्हणजे चहा झाला, आणि सलग तीन म्हणजे पुरे करा आता. काकांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. दारावरची बेल त्यांना ऐकू येत नसे, गॅसवाल्याची हाक येत नसे, पण काकूंची टाळी त्यांनी कधी चुकवल्याचं मला आठवत नाही.

ऑपरेशनच्या आधी काकू वस्तीतल्या गायन पार्टीच्या मुख्य गायिका होत्या. जयंतीच्या महिन्यात त्यांना उसंत नसायची. आज या वस्तीत, उद्या त्या गावात, जीपमध्ये पेटी आणि ढोलकी घालून सगळी पार्टी निघायची. गल्लीतल्या जुन्या बाया मला सांगायच्या की काकू गायला उभ्या राहिल्या की माईकवाला आवाज कमी करायला धावायचा. मी त्यांना भेटले तेव्हा त्या पंचावन्नच्या होत्या आणि विहारात वंदनेच्या वेळी ओठ हलवून गप्प उभ्या राहायच्या.

त्या काळातल्या एका कार्यक्रमाची व्हिडिओ कॅसेट काकांच्या लोखंडी कपाटात होती. सतरा नंबरची. वस्तीतल्या एका हौशी माणसाने भाड्याचा कॅमेरा आणून ती काढली होती. काकू गातायत असं दुसरं काहीही जगात शिल्लक नव्हतं, ना साधी कॅसेट, ना कुणाच्या मोबाइलमधलं तुकड्याएवढं काही. शहागंजच्या ज्या दुकानदाराकडून काका जुनी यंत्रं दुरुस्त करून घेत, त्याने सांगून ठेवलं होतं की इतकी जुनी टेप एकदा वाजेल, फार तर दोनदा, पुढचं सांगता येत नाही. तेव्हापासून काकांनी ती वाजवायला काढलीच नव्हती. वाजेल तेव्हा एकदाच वाजेल, आणि वाजता वाजता कुठंतरी कायमची उतरलेली असेल, असं त्यांनी ठरवलं होतं.

कुठं उतरवायची, हा प्रश्न होता. बेंगळुरूची लेक दिवाळीत आली, मोठा टीव्ही घेऊन दिला आणि जाता जाता म्हणाली, "पप्पा, सगळ्या कॅसेटी क्लाउडवर टाका." लेक गेल्यावर काका जिना चढून माझ्याकडे आले.

"मॅडम, हे क्लाउड म्हनजे काय आसतंय?"

मी शिक्षिका. सोपं करून सांगायची खोड. म्हटलं, "म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या मोठ्या गोदामात ठेवायचा."

"चावी कोनाकडं?"

"त्यांच्याकडंच."

"स्टॉक तपासनी कोन करतंय?"

"आपल्याला नाय करता येत."

"मग नाय," काका म्हणाले आणि निघाले. दारापाशी थांबून विचारलं, "आपलं गोदाम आपल्याच घरात आसं काई व्हत नाय का?"

होतं, असं मी म्हटलं. घरातच एक छोटं यंत्र ठेवायचं, त्यात सगळ्या कॅसेटी उतरवायच्या, आणि मग टीव्हीवर, मोबाइलवर, पाहिजे त्या खोलीत बसून पाहायच्या. सर्व्हर म्हणतात त्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखाली माझं नेमणूकपत्र होतं. घरगुती सर्व्हर खरेदी समिती, अध्यक्ष काका, सदस्य काकू, सदस्य सचिव मी. मी आयुष्यात कधी सर्व्हर घेतला नव्हता. पोरांना त्याची व्याख्या तेवढी लिहून देत होते.

पहिल्याच बैठकीत काकूंनी हरकत घेतली. बोलून नाही, लिहून. काकांच्याच पेन्सिलीने कागदावर लिहिलं, "मला ऐकायचं नाही. गेलेलं उकरू नये." काकांनी तो कागद वाचला, भोक पाडलं, फाइलला लावला आणि म्हणाले, "हरकत नोंदली. आता पुढचा विषय." मला वाटलं होतं की विषय तिथंच संपेल. काकू उठून कुकर लावायला गेल्या आणि काकांनी रकाने आखायला घेतले.

ते रकाने पुढे दीड वर्ष भरले जात होते. उष्णता, आवाज, वीज किती खातो, लाइट गेल्यावर काय करतो, एक डिस्क मेली तर काय, आणि फाइल बदलून देता येते का. या शेवटच्या रकान्यासाठी मला मान मोडून अभ्यास करावा लागला. टीव्हीला सगळ्याच फायली जशाच्या तशा कळत नाहीत. काही वाजता वाजता बदलून द्याव्या लागतात. ते काम यंत्राची चिप स्वतःच करत असली तर यंत्र थंड राहतं, नाहीतर धापा टाकायला लागतं. काकांनी हे ऐकलं आणि रकान्याला नाव दिलं, 'दुभाष्या आहे की नाही'. मी वर्गात आजही तोच शब्द वापरते.

आमचा बाजार म्हणजे शहागंज. तिथला तो दुकानदार, आम्ही त्याला चाचा म्हणायचो, जुने-नवे कॉम्प्युटर, व्हीसीआर, रेडिओ असं काय काय छतापर्यंत रचून बसलेला असे. काका प्रत्येक यंत्र आठ दिवस घरी नेऊन तपासायचे आणि परत करायचे. चाचांनी कपाळावर हात मारून घेतला, पण कधी नाही म्हटलं नाही. "साब, तुम लेते नै, घुमाने कू ले जाते," असं म्हणायचे आणि यंत्र पिशवीत घालून द्यायचे. पिशवीवर काका पेन्सिलीने पोच लिहून देत.

पहिली आली ती हाताच्या पंजाएवढी उघडी सर्किटची पट्टी. एकच हिरवा तुकडा, पंखा नाही, आवाज नाही, वीज खाते चिमणीएवढी. मला तर आवडली होती. काकांनी तपासणीच्या तिसऱ्या दिवशी, ती काम करत असताना, मीटरजवळचं बटण सरळ खाली ओढलं. लाइट जाणं म्हणजे काय ते यंत्राला कळलं पाहिजे ना. लाइट परत आली तेव्हा आतलं मेमरी कार्ड गेलेलं होतं. "नाजूक हाय," काका म्हणाले. "पोरगी चांगली हाय, पन आपल्या घरात टिकनार नाय." काकूंनी स्वयंपाकघरातून तीन टाळ्या वाजवल्या, का ते मला कळलं नाही, पण काका लगेच गप्प झाले.

मग दोन डिस्कांचं तयार खोकं आलं, खास याच कामासाठी बनवलेलं, काळं, देखणं. ते आलं मे महिन्यात. आमच्याकडचा मे महिना माहीत असलेल्यांना पुढचं सांगायला नको. काकांनी त्याच्या पाठीला काकूंचा तापाचा थर्मामीटर लावला. थोड्या वेळाने तो पीं पीं वाजला आणि आकड्याऐवजी त्यावर एक इंग्रजी अक्षर आलं, म्हणजे याच्या पुढचा ताप मला मोजता येत नाही. काकांनी खोक्यावर ओलं फडकं ठेवायचं म्हटलं तेव्हा मी सदस्य सचिव या नात्याने त्यांचा हात धरला.

तिसरं पडेगावला मिळालं. एका कचेरीने काढून टाकलेला, कमरेएवढा कॉम्प्युटर. दणकट, दुभाष्या होता, डिस्क ठेवायला आत चार जागा होत्या. काकांना असल्या वस्तू आवडत. स्कूटरवर पायांत ठेवून आणला. घरी लावला, चालू केला, आणि आत गव्हाच्या चक्कीसारखा पंखा फिरायला लागला. आवाजाची तपासणी करणार कोण? काकांचा एक कान कमजोर, मला पंख्याच्या घरघरीची सवय. ते काम काकूंकडे होतं. आवाज गेला होता, पण त्यांचे कान असे होते की वरच्या मजल्यावर मी साबण खाली पाडला तरी त्यांना कळायचं. नियम असा ठरला होता की यंत्र बैठकीत ठेवायचं, काकू मागच्या अंगणात उभ्या राहणार, आवाज आला तर एक टाळी. आम्ही बटण दाबलं मात्र, अंगणातून टाळी आली. काकांनी यंत्र पलंगाखाली सरकवलं, टाळी आली. वर गोधडी टाकली, टाळी आली. मला त्यातली गंमत तेव्हाच दिसत होती. ज्या बाईला काही ऐकायचंच नव्हतं ती या खरेदीतली सगळ्यात काटेकोर तपासनीस होती.

तो कॉम्प्युटर परत करून येताना मी काकांवर चिडले. उन्हाची वेळ, दौलताबाद रस्त्यालगत रसवंती होती, तिथं बाकड्यावर आम्ही बसलो होतो. मी जालन्याची. चिडल्यावर कॉलेजातली भाषा मला सुचत नाही.

"काका, दीड वर्ष झालं. कपाटात टेप सडायली आन् तुमी पंख्याचे आवाज मोजायले. मह्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ म्हनलं तर ते बी नको."

"तुमच्या लॅपटॉपला एकच डिस्क हाय," ते शांतपणे म्हणाले. "एक म्हनजे नसल्यात जमा."

"आन् काकूंना तर ऐकायचंच नाय. मग कोनासाठी चाललंय हे समदं?"

काकांनी रसाचा ग्लास खाली ठेवला.

"तिला नको आसंल," ते म्हणाले. "मला पायजे."

मग तेच सांगायला लागले. "ऑपरेशनच्या येळंला डाक्टरनं कागद म्होरं केला. म्हनले, आवाजाला धोका हाय, सही करा. गाठ काडायचीच व्हती, दुसरा रस्ता नवता, त्याचं मला काई नाय. पन मॅडम, म्या तो कागद वाचला बी नाय. तीस वर्षं खिळ्याच्या खोक्याला सुद्दा मोजल्याबिगर सही केली नाय म्या, आन् तिथं डोळे मिटून केली. आता ही टेप बी एकदाच वाजनार. ती बी तशीच घालवू का?"

मला तेव्हा त्या माणसाची इतकी माया आली की सांगता येत नाही. मी दुसरा रस मागवला आणि त्यांना म्हटलं, "नाय घालवायची. बघू आपन अजून." त्या दिवसापासून मी समितीत मनापासून काम करायला लागले.

शेवटी जे मिळालं ते चाचांच्याच दुकानात होतं, इतके दिवस एका जुन्या रेडिओच्या मागे. डबल डब्याच्या टिफिनएवढं यंत्र. पंखा नव्हता, सगळं अंगच खाचांचं, उष्णता तशीच बाहेर टाकणारं. चिप लहान पण दुभाष्या. दोन डिस्का वेगळ्या डब्यात, जे एकीवर उतरेल ते त्याच क्षणी दुसरीवर. सोबत लाइट गेल्यावर वीस मिनिटं तग धरणारी बॅटरी. काकांनी बटण ओढलं, यंत्र हूं की चूं न करता चालत राहिलं. थर्मामीटरने आकडा दाखवला. काकू अंगणात उभ्या राहिल्या आणि आम्ही टाळीची वाट पाहिली. टाळी आली नाही. काका उठून खात्री करायला गेले, की त्या अंगणात आहेत ना. होत्या. काकांनी खिशातून पेन काढलं.

समितीच्या ठरावावर तिघांच्या सह्या लागत होत्या. काकूंनी सही केली आणि खाली एक ओळ लिहिली. "यंत्राच्या आवाजाबद्दल हरकत नाही. ऐकण्याबद्दल हरकत कायम." काकांनी ती वाचून मान डोलवली. चाचांना यंत्र खरंच विकलं गेलं हे पटेना. त्यांनी दोनदा विचारलं, "वापस नै लाओगे ना?"

पुढचे पंधरा दिवस आम्ही सराव केला. व्हीसीआरमधून यंत्रात उतरवायला एक छोटी जोडणी लागते, ती लावून वस्तीतल्या लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी उतरवल्या. चुका त्यांच्यावर झाल्या. एका नवरदेवाचा अर्धा चेहरा हिरवा आला. मग सगळं जमलं, आणि एका रविवारी सकाळी काकांनी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, कपाटातून सतरा नंबरचं खोकं काढलं. जयभीम म्हणून व्हीसीआरला हात जोडताना मी त्यांनाच पाहिलं. टेप आत गेली. पडद्यावर आधी पाऊस पडल्यासारखं झालं आणि मग चित्र आलं. हळद लावलेला एक अनोळखी मुलगा पाटावर बसला होता आणि बाया त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होत्या.

काका पाहत राहिले. मी पुढे पळवली, मागे नेली. हळद, मांडव, जेवणाच्या पंगती. गाणं कुठंच नव्हतं.

घोटाळा कसा झाला ते काकांच्याच लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर ते खुर्चीत बसले. कॅसेटींना बुरशी लागू नये म्हणून त्या घरात दर उन्हाळ्यात त्यांना वाळवण घालायची पद्धत होती. गच्चीवर एका बाजूला कुरडया, पापड, आणि दुसऱ्या बाजूला जुन्या धोतराखाली खोक्यांतून काढलेल्या कॅसेटी. एका वर्षी वावटळ सुटली. कुरडया उडायला लागल्या, तेव्हा दोघांनी धावत जाऊन जे हाताला लागलं ते आत कोंबलं. कॅसेटी खोक्यांत गेल्या, पण कुठली कुठल्या खोक्यात ते कोणी पाहिलं नाही. आणि नंबर सगळे खोक्यांवर होते.

"मालावर नंबर टाकला नाय म्या," काका म्हणाले. "खोक्यावर टाकला. ह्याच चुकीपायी दुसऱ्यांना मेमो दिलेत म्या." त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला बघवेना. काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं आणि परत आत गेल्या.

मी कपाटातल्या बाकी सगळ्या कॅसेटी पाहिल्या. नव्हती. मग काकांना विचारलं की आणखी होत्या का. होत्या, म्हणाले, पण त्या बुरशी लागलेल्या, निर्लेखित केलेल्या. म्हणजे निकामी म्हणून यादीतून काढून टाकलेल्या. "मग टाकून दिल्या?" मी विचारलं.

"टाकायला समितीची मंजुरी लागती," काका म्हणाले. "आपली ती बैठक कदीच झाली नाय."

मी हसत सुटले. मला आवरेचना. काका आधी रागावले, मग त्यांनाही कळलं आणि ते माळ्याकडे धावले. तिथं पोत्यात अकरा कॅसेटी होत्या, सुतळीने बांधलेल्या, वर चिठ्ठी, 'विल्हेवाट प्रलंबित'. दुसरं कुठलंही घर असतं तर त्या कधीच कचऱ्याच्या गाडीत गेल्या असत्या.

अकराही कॅसेटी घेऊन आम्ही शहागंजला गेलो. चाचांनी एकेकीचं झाकण उघडून पाहिलं. दोन-तीन कॅसेटींवर पांढरी बुरशी पिठासारखी बसली होती. एकीच्या आतल्या बाजूला कुणीतरी कधीकाळी स्केचपेनने गायन पार्टीचं नाव लिहिलेलं होतं. बुरशी त्याच कॅसेटीवर सगळ्यात जास्त होती. चाचांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, चष्मा बदलला आणि मऊ कापडाने ती टेप हळूहळू फिरवत पुसायला घेतली. संध्याकाळपर्यंत त्यांनी दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. देताना म्हणाले, "एक बार, साब. जितना निकला उतना अपना."

वाजवायचा दिवस काकूंच्या हरकतीनेच ठरला. त्या सकाळी नळाला पाणी येणार होतं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, येतो त्या दिवशी घरातली प्रत्येक बादली, पातेलं, पिंप भरून ठेवायचं असतं आणि त्या वेळी कोणी कोणाशी बोलत नाही. काकूंना बैठकीत बसायचं नव्हतं आणि आता बसायला वेळही नव्हता. त्या मागे अंगणात पिंप भरत होत्या. पाण्याचा आवाज बैठकीपर्यंत येत होता.

काकांनी टेप आत सरकवली. मी यंत्राकडे पाहत होते, दोन्ही डिस्कांचे दिवे लुकलुकत होते. पडदा बराच वेळ नुसता खरखरत राहिला. मग एक मांडव दिसला, निळ्या पताका, पेटीवर वाकलेला माणूस, आणि मधोमध माईकपुढे पांढऱ्या साडीतली एक उंच बाई. मला ओळखायला क्षणभर वेळ लागला. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, ढोलकीकडे एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं.

मी गाण्यातली नाही. पण तो आवाज त्या टीव्हीच्या छोट्या स्पीकरमध्ये मावत नव्हता, एवढं मला समजलं. मांडवातल्या मागच्या लोकांच्या माना वर झालेल्या दिसत होत्या. काका टीव्हीकडे पाहत नव्हते. ते आपला चांगला कान तिकडे करून, डोळे मिटून बसले होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही.

पहिलं कडवं संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मागचा पाण्याचा आवाज थांबलाय. पाणी गेलं असेल म्हणून मी वाकून पाहिलं. पाणी गेलं नव्हतं. काकूंनी नळ बंद केला होता. नळाच्या दिवशी त्या शहरात कोणी नळ बंद करत नाही. त्या अर्ध्या भरलेल्या पिंपाशी ओल्या हातांनी उभ्या होत्या.

दुसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीवर चित्र आडवं झालं, आवाज जाड झाला, लांबला आणि तुटला. व्हीसीआर कट्टकन थांबला. आत काय झालंय ते उघडून पाहायची गरज नव्हती. काकांनी डोळे उघडले. यंत्राचे दिवे स्थिर झाले होते. जितकं निघालं तितकं दोन्ही डिस्कांवर उतरलं होतं.

काकू दारात आल्या. चौकटीला टेकल्या. कुणाकडेच न पाहता त्यांनी त्यांच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, "तिसरं कडवं ऱ्हायलं."

आणि त्या गायला लागल्या. सूर असा काही नव्हताच, शब्दही अर्धे हवेत जात होते. पण बोटं चौकटीवर ताल धरत होती आणि तो ताल मघाच्या ढोलकीचाच होता. समेवर त्यांची मान बरोबर त्याच बाईसारखी वळत होती. काका उठून त्यांच्यापासून दोन हातांवर, माझ्या खुर्चीला लागूनच उभे राहिले, ऐकू यावं म्हणून.

माझा हात आपसूक मोबाइलकडे गेला. आवाज टिपायचं बटण मी दाबणार, इतक्यात काकांनी मागे वळून न पाहता माझं मनगट धरलं. ज्या माणसाने मोडकी खिळेपेटीसुद्धा नोंदीशिवाय ठेवली नव्हती, त्याने ते धरलं.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," ते हळूच म्हणाले.

काकू गात राहिल्या. मी मोबाइल मांडीवर उपडा ठेवला. त्या यंत्रात, दोन्ही डिस्कांवर, ते गाणं आजही दोनच कडव्यांचं आहे.